आबांच्या खोलीतला उजेड

माणूस नातीला भेटायला थेट चंद्रावर येतो आणि आल्यावर नुसत्या झोपा काढतो, याला काय म्हणावं? शाल्मलीला हेच कोडं पडलं होतं. आबा, म्हणजे तिच्या आईचे वडील डॉ. मुकुंद तासकर, पृथ्वीवरून पाहुणे आले होते. पण ती शाळेतून परतली की ते घोरत असायचे आणि ती झोपली की टक्क जागे. परतीचं यान गुरुवारी होतं. आबांना आपला कंटाळा आलाय, असं धरून ती रुसली.

गंमत म्हणजे आबांनी सारा जन्म झोपेच्याच अभ्यासात घालवला होता. आता मात्र "वय झालं," म्हणत ते वामकुक्षी लांबवत होते.

शेवटी जेवताना तिने विचारलंच, "आबा, मी तुम्हाला आवडत नाही का?"

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिला जवळ ओढलं. "अगं वेडे, माझं आतलं घड्याळ बिघडलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका असतो. तेच शरीराचं घड्याळ. ते थोडं मागेपुढे होतं, म्हणून डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून रोज जुळवून घेतं. अंधारू लागलं की त्याच्या सांगण्यावरून मेलाटोनिन (रात्र झाल्याची वर्दी देणारं संप्रेरक) रक्तात उतरतं. शिवाय आपण जागे असेपर्यंत मेंदूत अॅडेनोसिन (मेंदूच्या कामातून साचणारं रसायन) वाढत जातं. त्याने डोळे जड होतात आणि झोपलं की ते ओसरतं.

"म्हणजे दुपारी झोपलात की ते ओसरणार आणि रात्री तुम्ही जागे," शाल्मली म्हणाली. आबा ओशाळले.

पण घड्याळ बिघडलं कशाने? चंद्रावर सूर्य दोन-दोन आठवडे मावळत नाही हे खरं, तरी वस्तीतले दिवे रोज संध्याकाळी मंद व्हायचे. आबांच्या खोलीत मात्र भर दुपारसारखा लख्ख उजेड होता. तिने घरच्या यंत्रमानवाला, ढब्बूला, विचारलं. पाहुण्यांच्या खोलीत अंधार ठेवू नकोस, असं आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि ढब्बू ते इमानाने पाळत होता. चंद्रावर असंच असतं, अशी आबांची समजूत.

"एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण दिव्याखाली अंधार," आई हसत म्हणाली.

"अंधार असता तर झोपलो नसतो का?" आबा म्हणाले.

त्या दिवसापासून सकाळी भरपूर उजेड, संध्याकाळी मंद दिवे आणि वामकुक्षीला बंदी. घड्याळ एकदम वळत नाही. आबा जेवणानंतर पेंगायचे आणि शाल्मली त्यांना हलवून जागं ठेवायची.

बुधवारी तिच्या डोक्यावरून कुणाचा तरी हात फिरला. बाहेर सूर्य कालच्यापेक्षा जेमतेम सरकला होता, पण आबा ताजेतवाने होऊन उशाशी बसले होते.

"ऊठ गं, सकाळ झाली. मोठेपणी मंगळावर घर बांधणार म्हणत होतीस ना? मला पेंग आली तिथून पुढे सांग."

शाल्मलीने त्यांचा हात घट्ट धरला. "तिथला दिवस पृथ्वीवरच्यापेक्षा थोडा मोठा असतो, आबा. म्हणून आधी घरात चांगली संध्याकाळ बसवायची. मग तुम्हाला बोलवायचं."