दुसरं टोक

दुकानाच्या खिडकीत दोन स्कोप दोन तिपायांवर शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यांतला एक घेऊन आरेखकाला एक वाजायच्या आत घरी जायचं होतं. तशी बायकोची तंबीच होती. गेले तीन शनिवार हेच चाललं होतं. स्कोप म्हणजे एका डोळ्यानं बघायची लांबलचक दुर्बीण. तलावाच्या मधोमध बसलेलं बदक नर की मादी, हे काठावरून सांगणारी. एक स्कोप वापरलेला, पण नावाजलेल्या कंपनीचा. दुसरा कोरा करकरीत, स्वस्तातला, दोन वर्षांच्या गॅरंटीचा. किमतीत एकोणीस-वीसचा फरक, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

जन्मभर नकाशे काढलेला माणूस. रेघ केसभर हलली तर अख्खा कागद फाडून टाकणारा. पण मागच्या वर्षीच्या पक्षीगणनेत त्यानं पाण्यावर तरंगणारे चार प्लास्टिकचे डबे बदकं म्हणून लिहून दिले, आणि तेव्हापासून गटातली मंडळी त्याला ‘डबेबदक’ म्हणू लागली. समोरसुद्धा. उद्या सकाळी पुन्हा गणना होती. आपले डोळे गेलेले नाहीत, काच वाईट होती, एवढंच त्याला दाखवून द्यायचं होतं.

स्कोप पारखायची त्याची स्वतःची पद्धत होती. दुकान तलावाच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. घर बरोबर पलीकडच्या काठाला, दुसऱ्या मजल्यावर. बायकोनं गॅलरीत उभं राहून पेपर दोन्ही हातांनी ताणून धरायचा आणि त्यानं इकडून मथळा वाचायचा. पहिल्या शनिवारी ऊन समोरून आलं, दुसऱ्या शनिवारी धुकं होतं, तिसऱ्या शनिवारी बायकोनं चुकून आतलं पान धरलं.

“पहिलंच पान आहे ना आज?” त्यानं फोनवर विचारलं.

“पहिलंच. तुमची ती चार घड्यांची घडी उलगडत बसले. शब्दकोडं वर काढून अशी घडी जगात दुसरं कोणी घालत नाही. आणि हे शेवटचं हं! शेजारीण विचारते, वहिनी, पेपर रोज वाळत घालता का?”

तिनं फोन खिशात टाकला आणि पेपर ताणला.

त्यानं आधी नव्याला डोळा लावला. कडेला जांभळी झाक, मथळ्याच्या जागी काळी पट्टी. बायको तेवढी ओळखू येत होती, या पायावरून त्या पायावर भार टाकत उभी.

मग जुन्याला. तोंडातून ‘वा’ निघून गेलं. मथळा सोडाच, त्याखालची बारीक ओळही वाचता येत होती. बायकोच्या चष्म्याची चिकटपट्टीनं जोडलेली काडीसुद्धा दिसत होती.

“असला स्कोप विकला कोणी?” त्यानं विचारलं.

“तीन जणांनी,” दुकानदार म्हणाला. “घेतात, आणि महिन्याभरात परत आणून देतात.”

“काही बिघाड?”

“छे. फार स्पष्ट दिसतं म्हणतात.”

“ही काय तक्रार झाली?”

“मीही तेच म्हणतो, साहेब.” दुकानदार खिडकीकडे पाठ करून उभा होता. पहिल्या शनिवारपासून तो तसाच उभा राहत होता, हे आरेखकाला आत्ता आठवलं.

जुन्याला डोळा लावूनच त्यानं पुन्हा फोन लावला. बायकोनं पेपरवरचा एक हात काढला आणि फोन कानाला लावला.

पेपर तसाच ताणलेला राहिला.

“जरा वर धर,” तो सवयीनं बोलून गेला. बायकोचा हात हलला नाही. पेपरचं दुसरं टोक मात्र वर झालं.

“एका हातानं कसा धरू?” बायको वैतागून म्हणाली. “लोंबतोय तो खाली.”

तो नव्याकडे सरकला. नव्यात पेपर लोंबत होता, वाऱ्यावर फडफडत होता. जुन्यात ताणलेला होता. मोकळ्या टोकावर चार बोटं होती, आणि बोटांमागे, दाराच्या सावलीत, एक बाही.

त्यानं खिशातलं फडकं काढून भिंग पुसलं. बोटं तिथंच होती.

“घरात कोणी आलंय का?”

“कोण येणार? धरू की जाऊ? आत माझी कामं पडलीत.”

“अगं, ऐक. पेपर टाक तिथंच आणि खाली ये. आत्ताच्या आत्ता.”

“आता आणखी काय?”

“ये म्हटलं ना!” त्याचा आवाज चिरकला. घाबरला होता तो.

“तुमच्या त्या स्कोपनं डोकं उठवलंय नुसतं!” तिनं पेपर सोडला आणि ती आत गेली.

नव्यात पेपर फरशीवर पडला. जुन्यात पडला नाही. कोणीतरी तो दोन्ही हातांनी धरून, चेहऱ्यासमोर घेऊन, वाचत उभं होतं.

दोन मिनिटांनी बायको रस्त्यावर आली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

“आले बाई. बोला.”

“तिथंच थांब. मी निघालोच. वर जाऊ नकोस.”

“जाणार कशी? तुमच्या घाईत दार ओढून घेतलं. किल्ली आतच राहिली.”

एरवी या चुकीवरून त्यानं संध्याकाळपर्यंत ऐकवलं असतं. आज तो म्हणाला, “फार बरं झालं.”

बायको वळली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं वर गॅलरीकडे बघितलं.

“हे बरंय!” ती म्हणाली. “तुम्ही कधी आलात?”

“काय?”

“मला खाली पिटाळून वर पेपर वाचत उभे होय? आणि म्हणे निघालोच!”

“अगं, तो मी नाही. मी दुकानात...”

“पुरे झाली नाटकं. दार उघडा. आले मी.”

फोन बंद झाला. त्यानं पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला. जिना चढताना ती फोन घेत नाही, एक हात कठड्याला लागतो तिला.

“मग साहेब,” पाठमोरा दुकानदार म्हणाला, “कुठला बांधू?”

नव्यात गॅलरी रिकामी होती. फरशीवर पेपर पसरला होता.

त्यानं जुन्याला डोळा लावला. वाचणाऱ्यानं पेपर खाली घेतला. चेहऱ्याकडे बघायची आरेखकाची छाती झाली नाही. तो हातांकडेच बघत राहिला. हातांनी पेपरची एक घडी घातली. मग दुसरी. चार घड्या झाल्यावर शब्दकोडं वर काढलं, बोटानं कड सारखी केली आणि पेपर खुर्चीवर ठेवला.

मग तो दार उघडायला आत गेला.