उतरत्या खांद्याचा कोट

त्या बाईचं वागणं सासूबाईंना पहिल्यापासून खटकत होतं. सरळ पुलावर जा म्हणावं, तर ही घरी वळणार. म्हणे गॅस बंद करायचा राहिला. पुन्हा पुलाशी आणली, तर छत्री विसरली.

"सांगून ऐकेल तर शपथ," त्या सुनेला म्हणाल्या. "माझ्या गोष्टीतली बाई, आणि माझंच ऐकत नाही."

"तुमच्याच वळणावर गेलीय," सून म्हणाली आणि तिनं शिवणमशीन चालू केलं.

दुकान आता सुनेच्या हाती होतं. गुडघ्यांनी मशीन सोडायला लावलं तेव्हा सासूबाई नुसत्या कुरकुरत बसायच्या. मग सुनेनं कापायच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा रिकामा करून दिला, आणि कोटाचे आकार काढायच्या खाकी कागदावर त्यांनी पहिली गोष्ट लिहिली. शाळा लहानपणीच सुटलेली. शिकवणार कोण? कापड बिघडवून शिवण आलं, तसं कागद बिघडवून हेही येईल, एवढाच विचार. आणि आलं की. दुपार कुठे जायची ते कळेनासं झालं. सुनेचे उपकार त्यांनी तोंडानं कधी मानले नाहीत. फक्त तिच्या काजांना नावं ठेवणं बंद केलं.

दोन गोष्टी त्या आपल्या आपण शिकल्या होत्या. माणूस कसा दिसतो ते लिहायला जमलं नाही, तर त्याची मापं लिहायची: छाती, कंबर, बाही, डावा खांदा दोन बोटं उतरता. आणि गोष्ट संपतच नसेल, तर कुणाला तरी मारायचं. धागा तोडल्याशिवाय शिवण थांबतं थोडंच?

त्या मापांनीच घोळ केला. सुनेनं पुलावरच्या बाईच्या मापांचा कागद ऑर्डरचा समजून करड्या लोकरीचा कोट शिवून टाकला.

"अगं, ही गोष्ट होती."

"गोष्टीत बाहीची लांबी कोण लिहितं, आई?"

"मग माणूस ओळखायचा कसा?"

कोट खुंटीवर लटकत राहिला.

एके दिवशी सकाळी सासूबाई हट्टाला पेटल्या आणि त्यांनी त्या बाईला एकदाचं पुलाच्या कठड्यावर चढवलं. आता एकच ओळ उरली होती. दुपारी सून बटणं आणायला बाहेर पडली. सासूबाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. मान वर केली तर काउंटरपलीकडे कुणीतरी उभं. दाराची घंटी वाजली नव्हती.

"माझा कोट झाला का?"

डावा खांदा दोन बोटं उतरता.

सासूबाईंनी पावती मागितली नाही. खुंटीवरचा कोट काढून दिला. तो बाईच्या अंगावर असा बसला की कुठे एक सुरकुती नाही. तशातही त्यांच्या मनात आलंच, पोरीचा हात चांगला बसलाय.

"शिवणीत आत जादा कापड ठेवलंय ना?" बाईनं विचारलं. "पुढे अंग भरलं, तर सोडता येईल."

"नाही ठेवलं."

"का?"

जिला नदीत जायचं, तिच्यासाठी कापड कोण वाया घालवतं? पण हे तोंडावर सांगवेना.

पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती. बाईचे केस मात्र एका बाजूला उडत होते, उंचावरच्या वाऱ्यात उडावेत तसे.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी टेप उचलला आणि तिच्या छातीभोवती धरला. सवयीनं म्हणाल्या, "श्वास घ्या."

टेप हलला नाही.

"तो तुम्ही कुठे लिहिलाय?"

आवाजात तक्रार नव्हती. एखादं बटण लावायचं राहिलंय, असं सांगावं तशी बोलली ती.

सासूबाईंनी एका हातानं टेप तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हातानं कात्री घेऊन कठड्याची ओळ कागदावरून कापून टाकली. मग पेन्सिल घेतली. अक्षर वेडंवाकडं आलं: ती खाली उतरली. तिनं श्वास घेतला.

केस खांद्यावर पडले.

टेप ताणला गेला. सैल झाला. पुन्हा ताणला.

"फार उपकार झाले," बाई म्हणाली. तिनं दाराकडे पाहिलं. "त्यांनाही सांगू?"

काचेपलीकडे फुटपाथवर माणसं उभी होती. मुकाट्यानं, एकामागे एक. आखूड मान. लांब उजवा हात. पाठीला पोक. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. माप मात्र प्रत्येकाचं पाठ होतं. कुणाच्या बाहीतून पाणी निथळत होतं. कुणाच्या कॉलरमधून अजून धूर निघत होता.

छाती कुणाचीच हलत नव्हती.

सासूबाईंना आत कुठेतरी बरं वाटलं. या वयात दाराशी एवढी गिऱ्हाईकं.

त्यांनी कोरा कागद टेबलावर पसरला.

"तुझ्यासारखी आडमुठी बाई मी जन्मात पाहिली नाही," त्या तिला म्हणाल्या. "बरं केलंस. जा आता, आणि पुढच्याला आत पाठव. रांग सोडू नका म्हणावं. मी कुठे जात नाही."