आधी काजळ, मग बोका

"हे ध्यान तुमचं का?"

नाताळच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. अवकाळी बारीक पाऊस पडत होता आणि आमच्या फाटकाबाहेर एक अनोळखी माणूस आमच्याच घोड्याच्या गळ्यात स्वतःचा मफलर अडकवून उभा होता. मी धावत आले होते. एका पायात बूट होता, दुसरा मागे चिखलात रुतून बसला होता.

"घोडा माझा," मी धापा टाकत म्हणाले. "मफलर तुमचा दिसतोय."

"आता त्याचाच म्हणा. अर्धा खाऊन झालाय." त्याने माझ्या चिखलाने माखलेल्या पायाकडे पाहिलं... आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "नाल ठोकून देऊ का? मी नवा नालबंद. उद्या यायचं होतं, म्हटलं आज जागा बघून घ्यावी."

"माझ्या पायाचं मी बघते. तुम्ही घोड्यांचं बघा!"

तो हसला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, आणि त्याचाच राग आला.

घोडा म्हणजे बोका. रंगाने मांजरासारखा करडा, स्वभावानेही तसाच. फाटकाची कडी दातांनी उघडायची कला त्याला अवगत होती. एरवी त्याच्यामागे धावायला मोतद्दार असायचे, पण सुट्टी लागली आणि ते सगळे घरी गेले. आमचं रायडिंग स्कूल बंद. मुलांना सुट्टी असते, मोतद्दारांना असते, घोड्यांच्या पोटाला मात्र नसते. पहाटे दाण्याचे तोबरे भरायचे, एकेकाला बाहेर सोडायचं, लीद काढायची, भुसा बदलायचा, संध्याकाळी परत सगळ्यांना आत घ्यायचं. बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं. ते खिडकीशी पलंगावर पडून मला हुकूम सोडायचे. त्यामुळे आख्खा तबेला माझ्या एकटीच्या गळ्यात.

आणि त्यात काजळ.

काजळ आमची काळी घोडी. आई गेली त्या वर्षी बाबांनी ती आणली. मी तेव्हा कुणाशी बोलत नव्हते, तिच्याशी बोलायचे. तिच्या पुढच्या खुरांना आतून सूज आली होती आणि खुरातलं हाड जागचं हललं होतं. सुट्टीवर जाण्याआधी घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "हिला शांत ठेवा. एवढी सुट्टी पाय स्थिर राहिले तर वाचेल. हाड आणखी खाली सरकलं, तर मला फोन करा... पण मग माझ्याकडे औषध नसेल."

मी नालबंदाला तिच्यापाशी नेलं. मघाची थट्टा तिथेच संपली. त्याने तिचं खूर मांडीवर घेतलं, अंगठ्याने हळूच दाबून पाहिलं आणि तिच्याशीच बोलला, "दुखतंय ना बाई? माहितेय मला. माहितेय."

मी त्याच्याकडे नको तितका वेळ बघत राहिले. मी मुद्दाम बादली उचलली आणि बाहेर आले.

तो रोज येऊ लागला. काजळसाठी त्याने घरी घडवून वेगळे नाल आणले, खाली मऊ गादी लावलेले. काम संपलं तरी तो जायचा नाही. माझ्या हातातलं फावडं काढून घ्यायचा.

"नालबंदाला लीद काढायला लावलं म्हणून नाव खराब होईल माझं," मी म्हणायचे.

"तुमचं नाव काय कमी खराब आहे? सगळे म्हणतात तबेल्यातली पोरगी चावते."

"घोडे चावतात."

"तेच म्हटलं, घोडे तर गरीब दिसतात..."

बाबा खिडकीतून ओरडायचे, "अगं, कामं करताय की गप्पा छाटताय?" पण त्यांच्या आवाजात राग नसायचा. चहाचे कप मात्र ते आता तीन मागवायचे.

थंडीने माझे हात फुटले होते. एकदा त्याने खुरांना लावायच्या मलमाची डबी न विचारता माझ्यापुढे धरली. "माणसांनाही चालतं," म्हणाला. मी हात पुढे केला... आणि त्याने डबी देण्याऐवजी मलमच लावलं. एकेका बोटाला, सावकाश. आम्ही दोघंही तेव्हा भलतीकडेच बघत होतो.

काजळ सुधारत होती. खरंच सुधारत होती. पाय टेकताना कान मागे पाडायची ते थांबलं होतं. सकाळी थोडा वेळ मी तिला मऊ वाळूच्या आवारात उभी करायचे आणि शेजारच्या कुरणात बोका. दोघांमध्ये फक्त कुंपण. वर्षानुवर्षं ती जोडी तशीच बाहेर जायची. आधी काजळ, मग बोका. बोका आत एकटा राहिला तर दार लाथाडायचा, पण तेवढंच. काजळला मात्र बोक्याशिवाय आत राहणं सहन व्हायचं नाही. हे मी नालबंदाला कधी सांगितलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे कुणी सांगतं का?

नाताळच्या दिवशी मला जाग आली ती उजेड पसरल्यावर. मी दचकून उठले. बाबा खिडकीतून म्हणाले, "झोप जरा. तो आलाय पहाटेच. म्हणाला, आज तिला उठवू नका, सकाळचं सगळं मी करतो. भेट आहे म्हणे तुला."

मी हसले. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. इतकं सुख मला किती दिवसांत मिळालं नव्हतं! आणि तेवढ्यात ती किंकाळी ऐकू आली. काजळची.

मी अनवाणीच धावले. बोका कुरणात उभा होता, मान उंच, कान ताठ. बाहेर जायच्या घाईत तो दार लाथाडत होता म्हणून नालबंदाने त्याला आधी सोडलं होतं. आत काजळ फरशीवर गोल गोल फिरत होती. दुखऱ्या पायांवर, घामाने निथळत, भिंतीवर आदळत. नालबंद तिच्या म्होरकीला लोंबकळला होता आणि ती त्याला फरफटवत होती.

"बोक्याला आत आणा!" मी ओरडले. "आत आणा त्याला!"

बोका आत आला. ती थांबली. मग तिचे पुढचे पाय थरथरले आणि ती खाली बसली. घोडी अशी बसत नाही.

डॉक्टरीणबाई सुट्टी सोडून आल्या. त्यांनी खूर पाहिलं, मला जवळ बोलावलं. नालाची गादी फाटून तळव्यातून हाड बाहेर आलेलं दिसत होतं. पांढरं. त्यांनी सुई भरायला घेतली.

नालबंद दारात उभा होता. त्याचा हात सोलवटला होता, ओठ फुटला होता. "मी केलं हे," तो म्हणाला. "मला वाटलं तो दार मोडेल, म्हणून त्याला आधी... तिला शांत ठेवायचं हे मला ठाऊक होतं. मी केलं."

"हो," मी म्हणाले. "तुम्हीच केलंत."

मी खोटं बोलू शकले नाही. त्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. तो मान खाली घालून पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि हत्यारांची पिशवी उघडली. "निदान नाल काढतो. मोकळ्या पायांनी जाऊ दे."

"नको." मी पिशवीवर हात ठेवला. "राहू द्या. ह्या नालांवर ती चार दिवस न दुखता उभी राहिली."

त्याने पिशवी मिटली. हुंदका त्याला आवरला नाही, आणि तो आवरायला तो बाहेरही गेला नाही.

मी काजळचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचली गेली तेव्हा मी तिच्या कानात काय काय बोलत होते ते मलाही आठवत नाही. ती गेली.

बाबांनी खिडकीतून हाक मारली. इतक्या थकल्या आवाजात ते कधी बोलले नव्हते. "बोक्याला दाखव पोरी. हुंगू दे त्याला. नाहीतर शोधत बसेल जन्मभर."

मी बोक्याला आणलं. त्याने तिचं नाक हुंगलं, मान हुंगली. मानेला ढुशी दिली. पुन्हा दिली. मग कितीतरी वेळ तो नुसता तिच्यावर मान लटकवून उभा राहिला. आणि नंतर तिच्यापुढचं सुकं गवत हळूहळू खाऊ लागला. ते बघवेना. मी बाहेर येऊन उपड्या बादलीवर बसले.

नालबंद आला. जवळ नाही बसला, भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी दुसरा नालबंद बघून देतो," तो म्हणाला. "चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. मला बघून रोज तुम्हाला हेच आठवणार..."

"आठवणारच."

"मग मी निघतो."

"थांबा!" मी उठले. "मला तुमचा राग आलाय. भयंकर राग. तो उद्या असेल, परवाही असेल. कधी जाईल मला सांगता येत नाही. तुम्ही गेलात तर हा राग मी कुणावर काढू? बाबांवर? बोक्यावर?"

त्याने वर पाहिलं.

"आणि दुसरं म्हणजे..." मी त्याच्याकडे न बघता बादली सरळ केली. "तुम्ही मला आवडता. तिचं खूर मांडीवर घेतलंत त्या दिवसापासून. हे आज सांगायची वेळ नाही. पण आज नाही सांगितलं तर तुम्ही जाल."

"मी... मला तर तुम्ही एका बुटात धावत आलात तेव्हापासून," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला. "पण कसं राहू मी इथे? रोज तिचं रिकामं ठाण बघायचं..."

"मी बघणार आहे. बाबा बघणार आहेत. तुम्हीही बघा."

त्याने एकदा ठाणाकडे पाहिलं. मग त्याने आपला सोलवटलेला हात पुढे केला. मी तो धरला. प्रेमाने नाही, निदान तेव्हा तरी नाही. पडू नये म्हणून धरतात तसा, घट्ट. माझ्या रागात त्या हाताची ऊब मिसळत होती आणि मला दोन्हींपैकी काहीच सोडायचं नव्हतं.

आत घोडे दारं वाजवू लागले. सगळ्या गडबडीत त्यांना कुणी पाणी दिलं नव्हतं. आम्ही दोन बादल्या उचलल्या आणि नळाकडे गेलो.