तेलाच्या कॅनवरची रेघ

"दोन बोटं."

नीळकंठरावांनी तेलाचा कॅन खिडकीच्या उजेडात धरला होता. पांढऱ्या प्लास्टिकवर त्यांनी सोमवारी काळ्या पेनाने रेघ मारली होती, शेजारी तारीख आणि बारीक सही. आज गुरुवार होता, आणि तेल रेघेच्या बरोबर दोन बोटं खाली उतरलं होतं.

"स्वयंपाकाला दिवसाला तीन चमचे. तीन दिवसांचे नऊ. मग हे कुठं गेलं, सिंधू?"

सिंधूताई ओट्यापाशी दुधी किसत उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं… आणि ते वाक्य ओठांपर्यंत येऊन, गेले कित्येक महिने सगळी वाक्यं परतत होती तसंच, निमूट मागे फिरलं.

"बोल ना. मी काही पोलीस नाही."

"मी खाल्लं नाही हो."

"मग कॅन गळतोय म्हणायचं," ते म्हणाले, आणि कॅन उलटा करून त्याचं बूड खरोखरच तपासू लागले.

माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला काढलेली. कामगाराने घडवलेला तुकडा हातात घ्यायचा, माप लावायचं आणि बसला नाही तर लाल खडूने फुली मारायची. माप खोटं बोलत नाही, हात चुकतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरीही तेच. रागावत नसत, ओरडत नसत. फक्त माप लावत.

दीड वर्षापूर्वी दोघांच्याही रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. नीळकंठरावांचं दोनशे अठ्ठेचाळीस, सिंधूताईंचं तीनशे चाळीस. कारखान्याच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर त्यांना म्हणाले, तुम्ही आधी जेवण सुधारा, चाला, मग बघू. आणि सिंधूताईंना मात्र त्यांनी चिठ्ठीवर गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी नीळकंठरावांनी घडी घालून खिशात ठेवली. "गोळी एकदा लागली की जन्माची," ते रस्त्यातच म्हणाले. "दोघं मिळून पथ्य करू. सहा महिन्यांत बघ आकडे कसे खाली येतात."

आले. त्यांचे आले.

सिंधूताई म्हणजे नागपूरकडची बाई. जिच्या हातचा गोळाभात खायला टाउनशिपमधली चार घरं वाट बघत, डाळीचे गोळे भातात वाफवून वरून मोहरी-मिरचीची कढत फोडणी ओतायची आणि वाटीतलं तेल भाताच्या शितांतून खाली झिरपताना बघत राहायचं, हेच जिला सणासारखं वाटे, तिने फोडणी सोडली. तूप घरात येणं बंद झालं. नीळकंठराव बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारातून दुधी, पालक, गिलकी पिशव्या भरभरून आणत आणि ती रोज त्या बेचव हिरवाईला नवा साज चढवी. कधी जवसाची पूड, कधी भाजलेली लसूण, कधी नुसतं लिंबू. त्यांच्या ताटातली भाकरी मऊ राहावी म्हणून पीठ कढत पाण्यात मळी. नवरा पथ्याला कंटाळू नये, एवढाच तिचा ध्यास. सहा महिन्यांत त्यांचा आकडा एकशे नव्वदवर आला. एकाही गोळीशिवाय.

तिचा आला तीनशे अठ्ठावीस.

"एकाच पातेल्यातलं खातो आपण," नीळकंठराव तेव्हा रिपोर्ट दोन्ही हातांत धरून म्हणाले होते. "एकाच बागेत चालतो. मग?"

सिंधूताई त्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. आकड्याशी भांडायचं कसं? आपलं रक्तच आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं, तर कुणाला हाक मारायची? आमच्या माहेरी माणसं अशीच लवकर जातात, आई सेहेचाळीसाव्या वर्षी चुलीपुढे बसल्या बसल्या गेली, मामा तर चाळिशीतच… असं त्या एकदा म्हणाल्याही. "तिकडं तर्रीवर तरंगतात लोक, दुसरं काय होणार," ते म्हणाले आणि विषय संपला.

मग फेऱ्या वाढल्या. क्वार्टरसमोरच्या बागेला आधी तीन, मग पाच. गुडघे सुजले. सूज दिसू नये म्हणून सिंधूताई साडी थोडी खाली नेसू लागल्या, आणि दुपारी शेजारच्या मंदाकिनीवहिनींकडे जाऊन, वाटीत नेलेलं तेल कोमट करून गुडघ्यांना चोळू लागल्या. घरी कळलं तर चालणं चुकवायला निमित्त काढलं असं वाटेल, ही भीती. टाचांच्या मागे, शिरांवर, टणक गाठी होत्या. त्या तर कधीपासूनच्या. आईच्या टाचाही अशाच होत्या. लहानपणी आई दळायला बसली की त्या गाठींवरून बोट फिरवत तिच्या ओव्या ऐकायच्या… सिंधूताईंना वाटे, आईची आठवण आपल्या पायांनी जपून ठेवली आहे.

चालताना त्या मनातल्या मनात ओव्याच म्हणत. फेऱ्या मोजायची ती त्यांची रीत.

*पहिली माझी फेरी, लिंबाच्या झाडापाशी*
*सांगावा धाडिते गं, माझिया माउलीशी…*

दुसरी फेरी तळ्यावरच्या पाखरांची, तिसरी घरधन्याची, चौथी लेकीची. पाचवीला दम इतका लागे की शब्द जुळतच नसत. पाचवी फेरी नेहमी मुकी जाई.

कोजागिरीला मराठी मंडळात नीळकंठरावांचं छोटं भाषण झालं. गोळीविना आकडा कसा उतरवला, याचं. आहार, चालणं, मनाचा निग्रह. लोक मन लावून ऐकत होते, दोघाचौघांनी तर वहीत उतरवूनही घेतलं. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "आणि वहिनींचं किती आलं, साहेब?"

नीळकंठराव क्षणभर अडखळले. मग हसले. "आमच्या घरी एकाचाच निग्रह आहे. दुसऱ्याचं तोंड जरा चोरटं आहे."

सगळे हसले. वाईट हेतूने कुणीच नाही. दुधाचे पेले घेऊन उभ्या असलेल्या सिंधूताईही हसल्या, कारण न हसणं आणखी दिसलं असतं. पण चोवीस वर्षांची कांचन, टाउनशिपच्याच शाळेत शिकवणारी त्यांची एकुलती लेक, उठून बाहेर गेली. घरी आल्यावर बापाला म्हणाली, "बाबा, आई चोरून खात नाही."

"मग आकडा?"

"आकड्याचं मला माहीत नाही. आईचं माहीत आहे."

"लेक आईचीच बाजू घेणार," ते म्हणाले. त्याच आठवड्यात कॅनवर रेघा सुरू झाल्या, आणि पाचाच्या सात फेऱ्या झाल्या.

दोन बोटं तेल कमी निघालं, त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. चौथ्या फेरीला, लेकीच्या ओवीच्या मधेच, सिंधूताईंच्या छातीत काहीतरी घट्ट आवळलं गेलं. डावा खांदा जड झाला. लिंबापाशी त्या थांबल्या. पुढे चालणाऱ्या नीळकंठरावांनी वळून बघितलं.

"अजून तीन आहेत, सिंधू."

"हो," त्या म्हणाल्या. आणि खरंच चालायला लागल्या… सात पावलं. मग ऊन एकदम पांढरं झालं.

साकेत नगरजवळच्या मोठ्या इस्पितळात त्या शुद्धीवर आल्या तेव्हा पायाशी एक तरुण डॉक्टर उभा होता आणि चादर बाजूला करून त्यांची टाच दाबून बघत होता.

"अम्मा, ये गाँठें कब से हैं?"

"बहुत दिन से. मेरी माँ को भी थी," त्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या.

"माँ हैं अभी?"

"नहीं. छियालीस में गई."

डॉक्टरने मान डोलावली. मग कांचनकडे वळून म्हणाला, "आपका भी खून जाँचना पड़ेगा." कांचनने बाही वर केली. काडीसारखी पोर, सकाळी एक पोळी खाणारी. सिंधूताईंना तेव्हा त्यात काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीवहिनी पेज घेऊन आल्या. सिंधूताई डोळे मिटून पडल्या होत्या. झोप नव्हती, फक्त डोळे उघडे ठेवायचं बळ नव्हतं. वहिनींचा दबका आवाज कानावर पडला.

"भाईसाहेब, एक सांगू? गुडघे बघितलेत का हिचे?"

"गुडघे?"

"नारळाएवढे झालेत. रोज दुपारी माझ्याकडं यायची, वाटीत तेल घेऊन. चोळायची. म्हणायची, वहिनी, यांना सांगू नका, चालणं टाळते असं वाटेल त्यांना. मी पण मूर्ख, गप्प बसले."

मग पायाशी चादर हलली. कुणीतरी ती गुडघ्यापर्यंत वर केली, आणि तशीच, हळूच, परत खाली सोडली. सिंधूताईंनी डोळे उघडले नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा खरं काय ते बाहेर आलं होतं, आणि त्यांना त्याचा आनंद होत नव्हता. लाज वाटत होती, नवऱ्याला किती लागलं असेल याची.

संध्याकाळी डॉक्टर कागद घेऊन आला.

"बेटी का तीन सौ बारह है," तो नीळकंठरावांना म्हणाला. "ये खाने-पीने की बात नहीं है, अंकल. ये खून में आता है, माँ से, नानी से. परहेज अच्छी चीज़ है, चलना भी. आपका उसी से ठीक हुआ. पर इनका अकेले परहेज से कभी नहीं उतरता. दवा शुरू से चाहिए थी."

नीळकंठराव उभे होते ते भिंतीला टेकले.

पण सिंधूताईंनी शेवटचं काही ऐकलंच नव्हतं. त्यांच्या कानात फक्त तीनशे बारा होतं. माझं पोर… आईकडून मला आलं ते मी जपलं म्हणत राहिले, आणि तेच ओंजळीतून पुढे ओतलं. काय दिलं मी तिला? दागिना नाही, साडी नाही. हे दिलं.

त्यांनी हात लांबवून नवऱ्याची बाही धरली.

"अहो… मी खात होते."

"काय?"

"चोरून. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. तेल खायचे, तूप खायचे वाटी वाटी. माझं त्यानंच वाढलं. डॉक्टरांना सांगा ना. माझं रक्तातलं नाही, मग हिला कुठून येईल? परत तपासायला सांगा हिचं. चुकलं असेल."

"सिंधू."

"मी शपथ घेते. देवाची घेते."

हीच कबुली ऐकायला ते दीड वर्ष थांबले होते. आता ती समोर होती, थरथरत्या, निळसर ओठांतून आलेली. घरात वर्षभरात तुपाचा थेंब आला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"खोटं बोलतेस तू," नीळकंठराव म्हणाले. "तुला खोटं बोलताच येत नाही गं. हे मला… हे मला आत्ता कळतंय."

"मग हिचं काय हो?"

तीस वर्षं माप लावलेला माणूस पलंगाच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकून बसून राहिला. खिशातल्या पाकिटातून चुरगळलेली ती जुनी चिठ्ठी निघाली. टाकली नव्हती, कागद टाकायची सवय नव्हती त्यांना. घामाने गोळीचं नावही पुसलं गेलं होतं.

"मी तुला चालवत नेलं," ते एवढंच म्हणत होते. "अजून तीन आहेत म्हणालो मी… तू थांबली होतीस, सिंधू."

सिंधूताईंनी त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. क्षमा करायला राग तरी असायला हवा होता. तो कधी नव्हताच. होतं ते फक्त न सांगता आलेलं, आणि ते आता सांगायची गरज उरली नव्हती.

"तुम्ही जेवलात का?" त्यांनी विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या. दोघींना, एकाच डबीतून. कांचनला वेळेवर मिळाली, तिचा आकडा उतरेल, असं डॉक्टर म्हणाला. सिंधूताईंच्या हृदयाचा जो भाग मेला होता, तो मात्र परत येणारा नव्हता. त्यांना आता बागेला फेरी घालायची मनाई होती. अंगणातल्या खुर्चीपर्यंत यायचं, तेवढंच.

आठवडाभराने, सकाळी, नीळकंठरावांनी ओट्यावरचा कॅन उचलला. रेघ तशीच होती. त्यांनी वाटीत तेल ओतलं, कोमट केलं, आणि अंगणात येऊन सिंधूताईंच्या पायाशी फरशीवर बसले.

"अहो, लोक बघतायत."

"बघू दे."

त्यांचे खरखरीत हात गुडघ्यांवरून खाली उतरत टाचांपाशी आले आणि थबकले.

"आईंच्या पण इथंच होत्या?"

"इथंच. मी बोट फिरवायचे."

त्यांनीही फिरवलं. तेल संपलं तसे आत जाऊन अजून घेऊन आले.

समोर पायरीवर कांचन बुटाच्या नाड्या बांधत होती. सिंधूताईंची नजर तिच्या टाचेकडे गेली, आणि बघायच्या आत त्यांनी ती वळवून घेतली. काही गोष्टी पाहून उपयोग नव्हता. पोर उठली, फाटक उघडून बागेकडे गेली.

लिंबापासून तिची पहिली फेरी सुरू झाली आणि खुर्चीत बसून आईने मोजायला घेतली, ओठांतल्या ओठांत. माउलीची, पाखरांची, धन्याची, लेकीची. पाचव्या फेरीला कांचन थोडी दमली, चाल मंदावली. सिंधूताई पुढे वाकल्या. नीळकंठरावांनी मान वर केली, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती बाई मोठ्याने गात होती. आवाज चिरका होता, मधे मधे श्वास अडत होता…

*पाचवी तुझी फेरी, चाल बाई सावकाश*
*तुझ्या पावलांत गं, माझा उरलेला श्वास*