दुसरं टोक

वर्षातून एकदा तिघे मित्र एक बोट कप्तानासकट भाड्याने घेत आणि किनारा दिसेनासा झाल्यावरही बरंच पुढे, ट्यूनाच्या मागावर जात. या वर्षी तिघांपैकी एक उरला नव्हता. राहिलेल्या दोघांनी आता पुरे असं ठरवूनही टाकलं होतं. तेव्हा गेलेल्याची मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांच्या जागी मी येते."

आपल्याला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांच्या रिळावर एक ट्यूना धरायचा, आणि ते रीळ बाबांनी गुंडाळलं तसंच्या तसं घरी परत आणायचं. या दोन गोष्टी एका खेपेत जमणं कठीण, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

बाबांचा धंदाच गुंडाळण्याचा. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार फेऱ्याला फेरा लावून भरायची. पंपाच्या मोटारी, पंख्यांच्या, पिठाच्या गिरणीच्या. दुकानाला वार्निशचा वास होता आणि तो त्यांच्या शर्टांनाही होता. मागच्या फळीवर दुरुस्त होऊनही कोणी न नेलेल्या मोटारी ओळीने बसलेल्या असत. सुट्टीच्या दिवशी बाबा त्यांना एकेक करून खाली उतरवत आणि जरा वेळ फिरवत.

"घरचा पंखा खडखडतोय," आई म्हणायची, "आणि हे लोकांच्या मोटारींना फिरायला नेतायत."

"जी फिरत नाही ती मोटर नव्हे," बाबा म्हणायचे. "ते दाराला लावायचं वजन."

सफरीचे दिवस जवळ आले की त्याच टेबलावर रीळ यायचं. आतली दोरी वर्षानुवर्षं चालायची. वरची मात्र दरवर्षी नवी भरायची, कारण ऊन, मीठ आणि माशांचे दात वरच्याच दोरीला खातात. बाबा दुकानाच्या दारात रीळ आवळून बसत. ती नव्या दोरीचं भेंडोळं काखेत घेऊन, दोरी ओल्या फडक्यात धरून, उलट्या पावलांनी गल्लीच्या टोकापर्यंत जायची. मग मागे रेलून सगळा भार दोरीवर टाकायचा. बाबा मूठ फिरवू लागत आणि ती पावलापावलाने त्यांच्याकडे ओढली जायची. दुकानाशी पोचली की पुन्हा उलटी चाल. लहानपणी तिला खरंच वाटायचं की आपण मासा आहोत आणि दरवर्षी पकडले जातो. बाबांच्या मित्रांत तिचं नावच पडलं होतं, दुसरं टोक.

"ढील नको देऊस," बाबा ओरडत. "ढिला फेरा वरून दिसत नाही. जोर आला की वरचा फेरा त्यात घुसतो आणि बाकीच्यांना घेऊन मरतो."

मागच्या वर्षी बाबांनी आतली दोरीही बदलायला काढली. ती रजा घेऊन आली होती. "फार जड झालीस आता, ओढवत नाहीस," ते म्हणाले आणि मध्येच थांबून दारच्या चौकटीला टेकले. तिने ते पाहिलं आणि थट्टेवारी नेलं. वरची नवी दोरी भरायची राहिली. त्या वर्षी सफर झाली नाही.

आणि आता रीळ टेबलावर होतं. बाबांनी घातलेले फेरे त्यावर एकमेकांना चिकटून बसलेले, सतारीच्या तारांसारखे सरळ. बाबांच्या हातचं शेवटचं काम. त्यावर नवी दोरी भरायची होती.

राहिलेल्या दोघांपैकी एक, शिंपीकाका, दुकानात आले ते बाबांचा पट्टा घेऊन. मासा ओढताना रॉडचा बुंधा पोटात घुसू नये म्हणून कमरेला बांधायचा, तो हा चामड्याचा रुंद पट्टा. एरवी तिच्या कमरेला तो दोनदा बसला असता.

"कापला नाही हं," काका घाईने म्हणाले. "दुमडून आत टाके घातलेत. कधी उसवला तर होता तसा होईल."

तिने पट्टा बांधून पाहिला. नेमका बसला.

"दोरी भरतेयस? चल, मी धरतो दुसरं टोक."

"नको, काका. माझं मी करते."

"एकटीने होत नाही ते."

"होईल."

शिंपीकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते घरी गेले. तिने दारातल्या कडीत एक काठी अडकवली, काठीत भेंडोळं ओवलं आणि एका हाताने दोरी चिमटीत दाबत दुसऱ्या हाताने रीळ फिरवलं. त्या टोकाला आणखी कोणाला उभं करणं तिच्याने होईना. रीळ भरलं. वरून छान दिसत होतं.

बाकीची तयारी तिने बाबांच्या शिस्तीने केली. गळ कानशीने घासून नखावर टेकवून पाहिले. घसरला तो पुन्हा कानशीखाली. हातमोजे, जाड मोजे, पाव, उकडलेली अंडी, चहाची पूड दुहेरी पिशवीत. आईने बाबांचा लोकरी स्वेटर सामानात कोंबला आणि वरून म्हणाली, "मासा नाही मिळाला तर बाजारातून आणू नकोस. ते एकदा आणणार होते."

धक्क्यावर बर्फाचा चुरा करणारं यंत्र घरघरत होतं. डॉक्टरकाका आधीच पिवळे पडून एका खोक्यावर बसले होते. हे दुसरे मित्र, दातांचे डॉक्टर. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांना मळमळायला लागे.

"तुम्ही दरवर्षी का येता?" तिने विचारलं.

"दरवर्षी परत न येण्याची शपथ घेतो. ती मोडायला यावं लागतं."

कप्तान बुटका, मानेवर उन्हाच्या रेघा पडलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे हेच ते दुसरं टोक?" मग त्याचा हात सवयीने रिळाकडे गेला. प्रत्येकाचं रीळ तो अंगठ्याने दाबून बघत असे. तिने रीळ छातीशी धरलं.

"बाबांचं आहे. ठीक आहे ते."

कप्तानाने हात मागे घेतला. त्या अदबीनेच पुढे घात केला.

किनारा आधी निळी रेघ झाला, मग धुरकट समजूत, मग तीही राहिली नाही. इंजिनाच्या एकसुरी धडधडीत पहिला दिवस गेला. पाण्याचा रंग हिरव्यातून निळ्यात आणि निळ्यातून शाईत उतरला. तिला बाबांची जागा देण्यात आली, मागच्या डाव्या कोपऱ्यातली, जिथे कठड्याचा रंग दोन कोपरांच्या जागी उडालेला होता. तिची कोपरं त्या जागी पोचत नव्हती. शिंपीकाका तिला सांगत राहिले, की इथे तुझा बाप तासन्‌तास काही बोलायचा नाही आणि मग एकदम म्हणायचा, आपला धंदा बरा, मोटर निदान दुकानात चालत येते.

मासा मात्र नव्हता. दुसरा दिवसही कोरडा गेला. तिसऱ्या दिवशी वारा उलटला, लाटांना पांढरी टोकं आली, आणि कप्तान आकाशाकडे जरा जास्तच वेळ पाहू लागला.

"दुपारपर्यंत," तो म्हणाला. "मग मी बोटीचं तोंड फिरवणार."

आणि तेव्हाच समोर पक्षी दिसले. आधी ठिपके, मग ढग, मग एकच कल्लोळ! पक्षी दगडासारखे पाण्यात पडत होते आणि खालून पाणी उकळत होतं. कप्तानाने इंजिन मंद केलं. तिने आमिष सोडलं.

धडक बसली! रॉड वाकला. रीळ किंचाळलं. पट्ट्यात बुंधा रुतला आणि ती कठड्यावर आपटली. दोरी सुटत होती, सुटतच होती.

"ब्रेक आवळू नको," कप्तान ओरडला. "जाऊ दे त्याला!"

ती जाऊ देत होती. पण रीळच थांबलं. मध्येच, एका हिसक्यात, गप्प. वरची ताणलेली दोरी खालच्या ढिल्या फेऱ्यांत घुसून बसली होती. क्षणभर सगळी बोट त्या एका दोरीने माशाला बांधलेली होती. मग फटकन आवाज झाला आणि ती मागे फेकली गेली.

तुटली!

मासा गेला. गळ, आमिष आणि नव्या दोरीचा मोठा तुकडा घेऊन गेला. कप्तानाने तिच्या हातातून रीळ घेतलं, नखाने गुंता उकरला आणि सुरीने नवी दोरी कापत, सोलत गेला. जुन्या दोरीच्या गाठीशी येऊन तो थांबला. अंगठ्याने खालचे फेरे दाबले. अंगठा आत गेला नाही.

"ही खालची दोघांनी गुंडाळली आहे," तो म्हणाला. "वरची एकाने."

शिंपीकाका समुद्राकडे पाहत राहिले. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पक्षी अजून होते. वारा वाढत होता. शिंपीकाकांनी आपला रॉड तिच्यापुढे केला. "हा घे. तुझं रीळ खाली पेटीत ठेव. जसं आहे तसं राहील."

तसं राहील. हेच तर तिला हवं होतं. तिने रीळ हातात घेतलं. सरळ, घट्ट, एकालगत एक फेरे. त्यातल्या एका फेऱ्याशी बाबा चौकटीला टेकून थांबले होते. तो कुठला हे ओळखता येत नव्हतं. पाण्यात सोडलं की हे सगळं उलगडणार. दोरी परत येईल एखादवेळेस. बाबांनी घातलेले फेरे परत येणार नाहीत. पेटीत ठेवलं तर राहतील. मग घरी. मग मागच्या फळीवर, त्या मोटारींच्या ओळीत.

"दाराला लावायचं वजन," ती म्हणाली.

"काय?" शिंपीकाकांना वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"काही नाही. गळ द्या, काका."

तिने गळ बाबांच्या दोरीला बांधला.

"दोरी थोडी आहे," कप्तानाने बजावलं. "तो धावला तर मी बोट त्याच्यामागे नेईन. पण लाटा आडव्या आल्या तर मी सांगेन तेव्हा कापायची. वाद नाही."

"नाही घालणार."

आमिष पाण्यात गेलं. पक्ष्यांचा ढग सरकला, पुन्हा जवळ आला. आणि रॉड असा वाकला की टोक पाण्यात बुडालं!

बाबांची दोरी सुटू लागली. अडखळली नाही, चरचरली नाही. फेऱ्यामागून फेरा मऊ लोण्यासारखा उलगडत गेला. ती डोळे मिटू शकत नव्हती आणि पाहूही शकत नव्हती. एक थर गेला. दुसरा गेला. रिळाचा पितळी गाभा दोरीतून चमकू लागला.

"कप्तान!"

बोट वळली. एक लाट बाजूने चढून सगळ्यांना भिजवून गेली. खालच्या केबिनमधून डॉक्टरकाकांचा आवाज आला, "बुडतोय का? बुडत असलो तर लवकर आटपा!" शिंपीकाकांनी तिचा पट्टा मागून मुठीत धरला आणि पाय रोवले. गाभ्यावर चार-दोन फेरे आणि बाबांनी मारलेली पहिली गाठ उरली होती.

"कापू?" तिने ओरडून विचारलं.

कप्तानाने लाटेकडे पाहिलं. "थांब. थांब जरा."

दोरी थांबली. मासाही दमला होता.

मग तिने ओढायला घेतलं. रॉड वर, मूठ फिरव. रॉड वर, मूठ फिरव. हात बधिर झाले. मासा खाली बसे, ती रेलून भार टाके. तो गोल फिरे, ती कठड्याने त्याच्याबरोबर सरके. दोरीतून पाणी पिळून तिच्या पायांवर गळत होतं. प्रत्येक फेरा ओला, ताठ, आपल्या जागी बसत होता. त्या टोकाला कोणीतरी सगळा भार टाकून, जराही ढील न देता, पावलापावलाने जवळ येत होतं. या टोकाला उभं राहून हे कसं वाटतं, ते तिला आजवर माहीत नव्हतं.

पाण्यात खोल एक निळा उजेड हलला. मग रुपेरी पोट. मग पिवळ्या परांची चमक! कप्तानाने आकडी टाकली, शिंपीकाकांनी हात घातले आणि मासा धाडकन आत आला. शेपटीने फळ्या बडवत त्याने शिंपीकाकांचा चष्मा उडवला आणि मग हळूहळू निपचित झाला. फार मोठा नव्हता तो. मागचा, निसटलेला, याच्या दुप्पट असावा. तिने त्याच्या कुशीवर तळवा ठेवला. मासा गरम होता. थंड पाण्यातून आलेला मासा गरम असेल असं तिला वाटलं नव्हतं. बाबांनी सांगितलं होतं, तेव्हा तिने खरं मानलं नव्हतं.

कप्तानाने तोवर बोटीचं तोंड फिरवलं होतं. वारा आता पाठीमागून येत होता. डॉक्टरकाका चौकटीला धरून वर आले, मासा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षीही यावं लागणार."

ती बाबांच्या कोपऱ्यात बसून होती. अंगात त्यांचा स्वेटर होता आणि मांडीवर रीळ. गाभ्याजवळचं तेवढं सोडलं तर बाबांच्या हातचा एकही फेरा त्यावर उरला नव्हता. कप्तानाने सुकाणू शिंपीकाकांच्या हाती दिलं आणि तिच्याजवळ आला. यावेळी तिने रीळ स्वतःच पुढे केलं. त्याने अंगठा दाबला. इकडे दाबला, तिकडे दाबला.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि परत गेला.

किनाऱ्याची रेघ दिसू लागली तेव्हा ती शिंपीकाकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांच्या चष्म्याची एक काच गेली होती आणि ते एका डोळ्याने समुद्र पाहत होते.

"काका, वरची दोरी पुन्हा भरायची आहे."

"हं."

"दुसरं टोक तुम्ही धराल?"

शिंपीकाकांनी सुकाणू थोडं डावीकडे घेतलं, पुन्हा सरळ केलं.

"उलटं चालावं लागतं ना त्यात?"

"हो. गल्लीच्या टोकापर्यंत."

"मग गटाराशी आलो की सांग," ते म्हणाले. "तुझ्याआधी मीच धरायचो ते टोक. तुझा बाप सांगायचा नाही."