घिवलीच्या ओटीवरचा कॅमेरा

ही गोष्ट ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी मान डोलावली, चहा संपवला आणि चपला शोधल्या. पण घडली ती घिवलीतच, त्र्याण्णव सालच्या कार्तिक-मार्गशीर्षात. ज्याच्या बाबतीत घडली तो सातपाटीचा हरेश्वर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दिसायला बरा. बरा म्हणजे… चांगलाच.

कार्तिकातली अवस होती. सकाळी सातला हरेश्वर एस.टी.तून उतरला आणि विचारत विचारत शांतारामभाऊंच्या वाडीत शिरला. दोन्हीकडे चिकूची झाडं, मध्ये कौलारू घर, मागे सुरूची रांग आणि रांगेपलीकडे दर्या. घर विकायला काढलं होतं आणि हरेश्वरला घर हवं होतं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आई जमुना मासळी विकायची. गेल्या आषाढात समुद्र त्यांच्या घराची मागची भिंत घेऊन गेला. जमुनाने लेकाला एकच सांगितलं होतं, "पुढल्या आषाढाच्या आत मला अशा घरात ने, जिथं दर्या ऐकू येल पन आत यायचा नाय."

असं घर हेच होतं. फक्त त्याचं नाव खराब झालं होतं, आणि ते कॅमेऱ्याने केलं होतं.

शांतारामभाऊंचा मुलगा रामनाथ बोईसरला कारखान्यात होता. कारखान्याने गेटावरचा जुना कॅमेरा बदलला तेव्हा याने तो छोट्या टीव्हीसकट घरी आणला. कॅमेरा ओटीच्या तुळईला ठोकला आणि टीव्ही खिडकीत ठेवला, काच बाहेरच्या बाजूला. ओटीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसावं आणि त्याची छाती फुगावी, असा त्याचा हिशेब.

"विहीर काय, चिकू काय, कुठंबी मिळतील," रामनाथ म्हणायचा. "कॅमेरावालं घर आख्ख्या तालुक्यात दाखवा. गिऱ्हाइकाच्या उड्या पडतील."

"उड्या पडतायत, पन कुंपणावरून," शांतारामभाऊ म्हणायचे. "घराला डोळा लावलास. बघणाऱ्याला वाटतं, इथं रोज चोरी होते."

बापलेकाचं हे भांडण तीन महिने चाललं होतं, आणि तेवढ्यात चार गिऱ्हाइकं पळाली होती. पालघरचे नागोराव मास्तर तर कॅमेरा बघून खूश झाले होते. बाकावर बसले, टीव्हीत बघून केस सारखे केले, आणि एकाएकी उठून अनवाणी चालू लागले ते थेट फाट्यापर्यंत. काय दिसलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चपला न्यायलासुद्धा माणूस आला नाही.

तर हरेश्वर ओटीवर चढला. कोणी नव्हतं. तो बाकाच्या एका टोकाला बसला. जरा वेळाने दुसरं टोक कुरकुरलं… हलक्या अंगाचं कोणी येऊन बसावं तसं. त्याने टीव्हीत पाहिलं. करड्या चित्रात तो होता. आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, एक मुलगी बसली होती. मान खाली, केसांत अबोलीचा वळेसर.

त्याने वळून पाहिलं. बाक रिकामा. फळी तेवढी ओली, दंव पडल्यासारखी.

"पाणी देऊ का?"

आवाज खिडकीतून आला. टीव्हीच्या मागे एक मुलगी उभी होती. हाच चेहरा, हाच वळेसर.

हरेश्वरने तिच्याकडे पाहिलं, मग काचेकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तुमी जुळ्या हाव का?"

"मी सुलू. एकटीच हाय," ती म्हणाली. "बाबा वाडीत गेलेत. पन अवसेला घर बघायला कोण येतं?"

"आमच्यात होडी अवसेलाच बघतात. उधाणाला. सुकतीला तिच्यात जाऊन बसायचं, ते भरती पुरी होईपर्यंत उठायचं नाय. गळत असली तर कळतं."

"हे घर हाय."

"गळतात दोनी."

ती हसली. पण काचेतली हसली नव्हती. काचेतली त्याच्याकडे बघत होती.

दुसरा कोणी असता तर मास्तरांच्या मागोमाग फाट्यावर गेला असता. पण सातपाटीचा माणूस एकदा होडीत बसला की भरती होईपर्यंत उठत नाही. तो बसून राहिला. लांब वाळूवर गेलेलं पाणी हळूहळू परत येऊ लागलं. सुलू आत खिडकीशी बसून विड्याची पानं लावत होती. पानावरून ओलं फडकं फिरवायची, एकावर एक ठेवायची, आणि मध्येच टीव्हीच्या कडेवरून डोकावायची.

"गळतंय का?"

"अजून नाय."

"मग काय बघताय एवढं टीवीत?"

"मलाच."

"बघण्यासारखं हाय का तेवढं?"

"तुमी बाहेर येऊन बघा नि सांगा."

"मी इथून बघतेय की," ती म्हणाली, आणि फडक्याआड तोंड लपवून बसली.

जसजसं पाणी चढत गेलं, तसतशी काचेतली मुलगी बाकावरून सरकत जवळ येऊ लागली. हातभराचं वीतभर झालं. बाराच्या सुमाराला लाट बांधाला लागली तेव्हा तिचं कोपर त्याच्या कोपराला टेकलं. त्याने बाजूला पाहिलं नाही. कोपर मात्र गार पडलं… आणि, हे खरं सांगायचं तर, त्याला ते हलवावंसं वाटलं नाही.

शांतारामभाऊ वाडीतून आले. पाहुणा अजून जागेवर आहे, पायात चपलाही आहेत, हे बघून त्यांना बरं वाटलं. "पसंत?" त्यांनी विचारलं.

"उधाणाची भरती बघितली. आता भांगाची बघायला पायजे," हरेश्वर म्हणाला. "अष्टमीला येतो."

गोष्टीतली अडचण इथे सुरू झाली. घर विकलं की शांतारामभाऊ लेकीला घेऊन बोईसरला रामनाथच्या खोलीत जाणार होते. म्हणजे हरेश्वरने घर घेतलं तर सुलू जाणार, आणि नाही घेतलं तर परत या ओटीवर यायला त्याला तोंड नाही. आईला घर पाहिजे होतं. त्याला काय पाहिजे होतं ते पालघर येईपर्यंत एस.टी.तल्या कंडक्टरलासुद्धा कळलं असेल, तीनदा विचारूनही त्याने तिकीट सांगितलं नाही.

अष्टमीला तो दुपारी आला. भांगाचं पाणी मरतुकडं असतं, धड येत नाही, धड जात नाही. काचेतली मुलगी त्या दिवशी हललीच नाही. हातभर लांब बसून राहिली, आजाऱ्यासारखी.

"आज तोंड का उतरलंय?" सुलूने आतून विचारलं. "घर नापसंत का?"

तेव्हा त्याने सांगून टाकलं. बाकावर त्याच्या शेजारी कोण बसतं ते, आणि नागोराव मास्तर का पळाले ते.

सुलू दार उघडून बाहेर आली. पहिल्यांदाच. पदर सावरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिने काचेत पाहिलं.

काचेत हरेश्वर एकटाच होता.

"मी कुठं हाय?" ती हळूच म्हणाली. हात वर केला. काचेत हात नाही. तिने त्याची बाही धरली. काचेत त्याची बाही आपोआप चुरगळली, धरणारं कोणी नाही. मागे सुरूच्या झाडांत वारा पडला होता. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

वाडीत झाडं छाटायला येणारा बुधा अंगणात उभा होता. त्याने खिडकीकडे पाहिलं आणि कोयता खाली ठेवला.

"पोरीचा जीव घराला आडाकला हाय," तो म्हणाला. "आई गेल्यापासून ही याच बाकावर बसते ना सांजची. घर इकलं तर जाईल ती आर्धी. आर्धी इथंच ऱ्हायल."

"बुधा, गप ऱ्हा," सुलू म्हणाली. पण हरेश्वरची बाही तिने सोडली नव्हती.

"तुमी घेताय ना घर?" तिने विचारलं. डोळे काचेवर. "मग ती तुमाला मिळेल. घराबरोबर."

"नि तुमी?"

"मी बोईसरला. चौथ्या मजल्यावर. तिथून दर्या दिसत नाय म्हणतात… धूर दिसतो."

हरेश्वरला पुष्कळ बोलायचं होतं. बंद पडलेलं इंजिन तो हात लावून सांगायचा कुठे अडलंय ते, पण इथे त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "पुनवेला येतो. उधाण हाय."

"पुनवेच्या दुसऱ्या दिवशी बोईसरचा ठेकेदार परत येतोय, घर घ्यायला," ती म्हणाली. "मागल्या खेपेला तो टीवी बघून घाबरला नाय. म्हणाला, लडकी है तो अच्छा है, रखवाली करेगी. कुठली लडकी ते मला आज कळलं." आणि ती उठून आत गेली. ती उठल्याबरोबर काचेतल्या बाकावर, हातभर अंतर सोडून, कोणी तरी येऊन बसलं.

पौर्णिमेला हरेश्वर सुकतीलाच हजर झाला. आईला सांगून आला होता. जमुना म्हणाली होती, "घर घे नायतर सोड. पन ज्यात बसलास त्यातून मधेच उठू नको."

त्या दिवशीसारखं उधाण घिवलीने पाहिलं नाही. म्हणजे गोष्टीत तरी पाहिलं नाही. पाणी बांधावरून वाडीत आलं, चिकूच्या आळ्यांत भरलं, अंगणातल्या तुळशीभोवती फिरलं. आत खिडकीशी सुलू दिसत नव्हती. रामनाथ नव्हता, शांतारामभाऊ नव्हते. काचेत मात्र ती सरकत सरकत आली. वीतभर. बोटभर. बाराच्या ठोक्याला तिने आपला हात उचलला आणि हरेश्वरच्या हातावर ठेवला.

हात गार नव्हता. ऊन होता.

तरी त्याने मान वळवली नाही. वळलो की बाक रिकामा दिसेल, ही भीती. तो काचेकडे बघूनच बोलू लागला.

"मला आर्धी नको," तो म्हणाला. "घर घेतो. पन घराबरोबर पुरी पायजे. तुमच्या बाबांना म्हणावं, बोईसरला दोघांनीच जावा. आमची म्हातारी फटकळ हाय, तिच्या अंगाला मासळीचा वास येतो, पन मनाची सुकती तिला ठावकी नाय. नि मी… मी तर हाय हा असा हाय. तीन भरत्यांत तुमी बघितलाय मला."

काचेतल्या मुलीचे ओठ हलले. आणि आवाज आला तो काचेतून नव्हे, त्याच्या कानाशी.

"मग बघा की इकडं."

आणि काय सांगावं महाराजा… त्याच क्षणी टीव्हीची काच पाण्यासारखी हलली, आतून निळा जाळ उठला, तुळईवरचा कॅमेरा गर्रकन तीनदा फिरला, आणि त्या काचेतून आधी एक ओलं पाऊल, मग दुसरं, अशी सुलू अंगभर भरतीचं पाणी निथळत ओटीवर उत—

"पुरे," आतून सुलू म्हणाली. "चहाला आलेली माणसं हायत, त्यांना खोटं किती सांगाल? त्या कॅमेऱ्याला वायर नव्हतीच. रामनाथने भंगारातलं खोकं आणून ठोकलं होतं नि त्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. मास्तरांच्या मानेला दोन डसल्या म्हणून ते पळाले. नि टीवी एक दिवस लागला नाय. बंद टीवीच्या काळ्या काचेत शेजारी बसलेलं माणूस दिसणारच की. तीन भरत्या मी तुमच्या बाजूला बसले होते, तीनी वेळा आधी मीच सरकले, नि तुमची मान काय वळली नाय."