दाजींचा आठवा फवारा

वेंगुर्ल्याच्या मेंदूशाळेत सकाळी साडेदहाला नाकात मारलेला औषधाचा सातवा फवाराही वाया गेला, तेव्हा डॉक्टर श्रीनिवास घैसासांनी चष्मा काढून पुसला. पुण्याहून आलेला हा शिस्तीचा माणूस. त्यांच्या प्रयोगशाळेतले उंदीर म्हणे दाणे खायला रांग लावत, आणि एखादा मध्येच घुसला तर बाकीचे त्याच्याकडे थेट घैसासांसारखे बघत.

पण समोरच्या खुर्चीत उंदीर नव्हता, दाजी आरोंदेकर होते. एकेचाळीस वर्षं दशावतारी नाटकांतून रावण गाजवलेला नट. दाजींनी वेंगुर्ल्यात गर्जना केली की शिरोड्याच्या मिठागरांत मीठ वेळेआधी वाळे, असं लोक सांगत. शिमग्यानंतर त्यांच्या मेंदूत गुठळी झाली आणि वाचा गेली. ऐकू येई, कळे सगळं, तोंडातून मात्र 'अं'च्या पुढे काही निघेना.

आता एकच फवारा उरला होता. आठव्यानंतर मेंदूतल्या पेशी औषधाला दाद देईनाशा होत. मग वर्षभर थांबायचं, आणि वर्षभर मुक्या राहिलेल्या पेशी पुन्हा बोलत्या होत नाहीत, हे घैसासांनी स्वतःच सिद्ध केलेलं.

"मला समजत नाही, वालावलकरबाई," ते आपल्या सहकारी डॉक्टर हेमलता वालावलकरांना म्हणाले. "फवाऱ्यातला वाढदूत मेंदूत पोचतो. तो पेशीच्या आत शिरत नाही, दारावरच्या ग्राहक रेणूला निरोप देतो. निरोप आत हातोहात केंद्रकापर्यंत जातो. तिथे जनुकं जागी होतात, त्यांच्या हुकमावरून नवी प्रथिनं तयार होतात आणि पेशीपेशींमधले सांधे पक्के होतात. सात वेळा वाढदूत दिला. सांधा एकही नाही."

"निरोप घ्यायला दारात कुणी हवं ना, सर," हेमलताबाई म्हणाल्या. "जी पेशी त्या वेळी कामात असते, तीच ग्राहक दारावर आणून ठेवते. फवारा दिल्यापासूनच्या चाळीस मिनिटांत दाजींचा मेंदू काय करतो ते बघा." त्यांनी पेशीपट दाखवला. कामात गुंतलेली पेशी त्यावर दिव्यासारखी उजळते. दाजींच्या पेशीपटावर तालुक्याची वीज गेल्यासारखा काळोख होता.

आणि का नसावा? घैसासांनी पहिल्या फवाऱ्याच्या आदल्या दिवशी रावणाच्या भूमिकेची वही मागितली होती. सरावाला ओळखीचे संवाद बरे. वही काही कुणी आणून दिली नाही, म्हणून त्यांनी रात्री बसून संवाद स्वतः लिहिले आणि सातही दिवस दाजींना वाचून दाखवले. 'हे वानरश्रेष्ठा, आपल्या आगमनाचे प्रयोजन कृपया स्पष्ट करावे' हे त्यातलं सर्वांत जोरकस वाक्य. तिसऱ्या दिवसापासून दाजी घोरत.

आठव्या दिवशी फवारा दिला, घैसासांनी कागद उचलला, आणि दार ढकलून जिवा केळुसकर आत आला. हा दाजींचा रंगमंचावरचा जुना वैरी; दाजी रावण तर हा अंगद. सात दिवस तो बाहेरच्या बाकड्यावर बसून ते संवाद ऐकत होता आणि आता त्याच्याने ऐकवेना. वही कुठे आहे, असं घैसासांनी त्यालाच विचारलं.

"लिवलेला कायच नसता, डॉक्टर," जिवा म्हणाला. "गोष्ट ठावक असता. ह्यो बोलता तसो मी उलटून बोलतंय."

एकेचाळीस वर्षं, संहितेशिवाय. घैसासांनी हातातला कागद खाली ठेवला. तेवढ्यात जिवाने कमरेवर हात ठेवला आणि दाजींसमोर उभा राहिला.

"काय रे लंकेश्वरा, धा तोंडां आसत आणि एकातूनय सूर नाय? नव भाड्यान दिलंस की काय?"

दाजींनी डोळे उघडले. पेशीपटावर एक दिवा लागला, मग दहा, मग जत्राच भरली. जिवा एकेक टोमणा टाकी आणि मुद्दाम थांबे. दाजींच्या कपाळाची शीर फुगे, ओठ हलत, आवाज येत नसे. पण आत उत्तरावर उत्तर शिजत होतं. चाळीस मिनिटं घैसासांनी कागदाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. घैसासांनी दाजींना नाव विचारलं. गप्प. पेला दाखवला, फूल दाखवलं. गप्प. दाजींची बायको रुक्मिणकाकी भिंतीला टेकून उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. घैसासांचा आयुष्यात पहिल्यांदा तोल गेला. नट म्हणवतात आणि स्वतःचं नाव सांगता येत नाही, असं ते पुटपुटले.

"माझा नाव आख्ख्या जिल्ह्याक ठावक आसा," दाजी म्हणाले. "तुकाच नाय, तर तूच घे फवारो."

हेमलताबाईंच्या हातून पेला पडला. घैसास मात्र अपमान झाल्याचं विसरून हसत सुटले. मग पुन्हा नाव विचारलं, पुन्हा गप्प. हसू थांबलं आणि हिशेब उलगडला. चाळीस मिनिटं दाजींच्या ज्या पेशी राबल्या त्या फक्त उलट उत्तराच्या. त्यांचीच जनुकं जागी झाली, त्यांचेच सांधे जुळले. आपणहून बोलायला सुरुवात करणाऱ्या पेशी झोपूनच राहिल्या. दाजी बोलणार, भरभरून बोलणार. पण कुणीतरी आधी डिवचलं तरच.

घैसासांनी चिठ्ठी लिहिली: टोमणा, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. कुणी द्यायचा, या ओळीपुढे त्यांनी बिचकत रुक्मिणकाकीचं नाव घातलं. नवऱ्याला उलटून न बोलणारी बाई, अशी तिची गावात ख्याती.

काकीने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पदर खोचला.

"एकेचाळीस वर्सां तुमी गावागावात गर्जत फिरलास. घराक येवन माझ्याकडे बोलाक मात्र एक शब्द उरलो नाय."



"रामासमोर बोलाक धा तोंडां पुरली गो," दाजी हळूच म्हणाले. "तुझ्यासमोर अकरावा लागता. ता आत्ता फुटला."

काकी लाजली की रडली ते घैसासांना कळलं नाही, कारण त्यांच्याच चष्म्यावर वाफ धरली होती. आजची सकाळची मात्रा झाली, आता दुपारी जेवणानंतरच द्या, असं त्यांनी बजावलं.

"दुपारपर्यंत कोण थांबता," काकी म्हणाली, आणि फाटकापर्यंत पोचेतो तिने लग्नातल्या चुकलेल्या मानपानापासून सुरुवात केली. रिक्षा वळणाआड गेली तरी दोघांचे आवाज ऐकू येत होते, आणि त्यांतला दाजींचा कुठला ते ओळखायला घैसासांना कान द्यावा लागत होता.